इतर : निरंक

मापाड्याचं घर म्हणजे इकडे धरण, तिकडे नदी. आड आणि विहीर परवडली, त्यांच्यामधून निदान वाट तरी असते. इथे वाटेवर एकच बुटका फरशी पूल होता. धरणाचे दरवाजे उचलले की तो पाण्याखाली जायचा आणि पावसाळा सरेपर्यंत तोंड दाखवायचा नाही. मग जग पलीकडे, आणि हे नवराबायको अलीकडे.

धान्य मोजणाऱ्याला मापाडी म्हणतात. हा पाणी मोजायचा, पण नाव तेच चिकटलं. सकाळी उठून पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, पायऱ्या उतरून नदीतली पातळीची पट्टी वाचायची, धरणातला साठा बघायचा आणि कार्यालयातल्या आकडेबाईंना फोनवर सगळं सांगायचं. महिना संपला की साऱ्या महिन्याची बेरीज सांगायची. या कामाचा त्याला तोरा होता आणि तो त्याला शोभायचाही. पाऊस पडला नाही म्हणून त्यानं रकाना कधी मोकळा सोडला नाही.

"मोकळा रकाना म्हणजे कोणी बघितलंच नाही," तो सांगायचा. "निरंक म्हणजे माणूस गेला, त्यानं बघितलं, आणि काही नव्हतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

हा शब्द घरातही मुरला होता.

"भाजीत मीठ आहे का हो?"

"निरंक."

"मग घ्या की वरून. हात पण निरंक आहेत का?"

बायकोच्या हातात शिवणकामाची कला होती. नुसतं बघून ती माणसाचं माप सांगायची. पण या काठावर माप द्यायला माणूस कुठला? घरातले पडदे, उशा, नवऱ्याचे सदरे, सगळं शिवून झालं. "आता तुमच्या त्या पर्जन्यमापकाला झबलं शिवते," ती म्हणायची. "गिऱ्हाईक काय मासे आहेत, पोहत यायला?" शहरात तिच्या थोरल्या बहिणीचं कपड्यांचं दुकान होतं. दुकानात एक कोपरा तिच्यासाठी राखून ठेवलेला होता. तिथे यंत्र ठेवलं की झालं.

यंदा पावसाची चिन्हं दिसू लागली तशी ती म्हणाली, "अहो, दरवाजे उचलायच्या आत इथून निघायचं. आणखी एक पावसाळा मी भिंतींशी बोलणार नाही. तुमची बदली झाली तर दोघं जाऊ, नाही तर मी एकटी." हे बोलताना तिचा आवाज चढला नाही. मापाड्याला भीती वाटली ती त्याचीच.

त्यानं आकडेबाईंच्या कानावर घातलं. बाई मनानं चांगल्या. म्हणाल्या, "दादा, यंदा बदलीच्या विनंत्या महिनाअखेरच्या आकड्यांबरोबरच घ्यायच्या आहेत. मी शेवटी 'इतर' विचारीन, तेव्हा 'बदली हवी' एवढंच म्हणा. विसरायचं नाही हं."

"बाई, एक वेळ बायकोचं नाव विसरेन, पण..."

"ते तर मुळीच नको. जेवण बंद होईल!"

महिनाअखेरीला वरच्या खोऱ्यात पाऊस झोडपत होता. पाणी पट्टीवर भराभर चढत होतं. मापाडी ओलाचिंब होऊन वर आला, तसाच फोनला लागला. फोनमध्ये खरखर. बाई घाईत.

"पाऊस?" त्यानं सांगितला.

"पातळी?" सांगितली.

"साठा?" साठा असा काही चढला होता की सांगताना त्याची छाती फुगली.

"इतर?"

"निरंक."

त्या शब्दाला विचार लागतच नव्हता. वर्षानुवर्षं 'इतर'च्या मागोमाग तो आपल्या पायांनी चालत यायचा. मापाड्यानं फोन ठेवला, डोकं पुसलं, चहा मागितला.

"बदलीचं सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"सांगितलं की सगळं." आणि त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

तिनं सामान आवरायला घेतलं. काही दिवस गेले. सकाळचे आकडे देऊन झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "बाई, माझ्या बदलीचा हुकूम कुठवर आला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "कसला हुकूम, दादा? तुमच्या केंद्राचं इतर निरंक आहे."

"मी म्हणालो तसं?"

"तुम्हीच. मला वाटलं, वहिनींचा बेत बदलला. तुमचं निरंक कधी खोटं निघालं आहे का? म्हणून पुन्हा विचारलं नाही." मग आवाज खाली आला. "यादी वर गेली. आता पुढच्या वर्षी. आणि दादा, तुम्ही दिलेल्या साठ्यावरून उद्या सकाळी दरवाजे उचलायचं ठरलंय. पुलापलीकडे काही न्यायचं असेल तर आजच न्या."

फोन ठेवून तो आत आला तेव्हा बायको भांडी पोत्यात भरत होती. त्यानं काही लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं. हातातला तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही गेलात, बघितलं, आणि माझ्यासाठी काही नव्हतं."

"तसं नाही गं. जिभेला वळण पडलंय."

"माहीत आहे. म्हणून तर चिडता पण येत नाही."

"नोकरी सोडतो. चल, मी पण येतो."

"आणि उद्या पट्टी कोण वाचणार? खालची गावं कोणाच्या भरवशावर झोपतात?" तिनं पोतं जवळ ओढलं. "वाचणारा दुसरा असता तर तुम्ही म्हणायच्या आधी मीच तुम्हाला ओढून नेलं असतं."

भांडी पोत्यातून काढून तिनं त्याच्यापुरती परत फळीवर लावली.

दुपारी त्यानं शिवणयंत्र खांद्यावर घेतलं आणि दोघं पुलावरून पलीकडे गेले. पाणी फरशीच्या कडेला चाटत होतं. रस्त्यावर बस आली. यंत्र चढवलं. "तांदूळ वरच्या डब्यात आहेत," ती म्हणाली, "आणि ओल्या डोक्यानं फोनवर बसू नका." बस वळली.

पुलाच्या मध्यावर तो जरा उभा राहिला. पलीकडचा काठ जेवढा लांब, तेवढाच अलीकडचा. पण संध्याकाळची पातळी वाचायची होती. तो अलीकडे आला.

दुसऱ्या दिवशी दरवाजे उचलले. पूल कोणत्या पातळीला बुडाला, ते मापाड्यानंच फोनवर सांगितलं. आकडा नीट ऐकू जावा म्हणून दोनदा सांगितला.