बाशी कुंडाचं अर्धंच वाचलेलं पत्र

लुआन्शाच्या खाणवसाहतीत, आमच्या ओळीत तरी, नाकं मुरडण्यात बाशी कुंडाचा हात धरणारा कोणी नव्हता. नाव त्याचं लुचेंबे, पण थोरली कुंडा झाली त्या दिवसापासून सगळ्यांचा तो बाशी कुंडा, म्हणजे कुंडाचा बाप. तशी मी बाना राब्सन, राब्सनची आई. सव्वीस वर्षं खाणीत ड्रिल धरून त्याचा डावा कान गेला होता. उजवा रेडिओला लावून बसायचा. एका कानावर इतका वैताग, दोन असते तर त्याने रेडिओच फोडला असता.

दर रविवारी तीनला नव्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. तबकड्या वाजायच्या, मधूनमधून श्रोत्यांची पत्रं वाचली जायची. बाशी कुंडा रेडिओ खिडकीत ठेवायचा, तोंड अंगणाकडे. आम्ही आठ-दहा जण खाली, हातात मक्याच्या आंबट मुनकोयोचे पेले, मध्ये उकडलेल्या शेंगांची पाटी. त्र्याहत्तर साल ते. पोरांचे केस खांद्यावर, विजारी खाली परकरासारख्या, आणि गिटारीचा नुसता घरघराट.

"ही गिटार आहे का घसा बसलेला रानरेडा?" बाशी कुंडा ओरडायचा. "थू! जेवलेलं वर आलं माझं!"

"मग बंद करा की," त्याची बायको, बाना कुंडा, आतून म्हणायची.

"बंद केल्यावर नावं कुणाला ठेवू? तुझ्या भाजीला?"

आणि सोमवारी पत्र टपालात. निवेदकाला, त्या नाकातून बोलणाऱ्या मेल्याला, याची पत्रं भारी आवडायची. रेडिओवर आपलं नाव आलं की हा छाती काढून ओळीतून एक चक्कर मारून यायचा.

तो बेंबा जमातीचा, आम्ही न्गोनी. आजे-पणजे एकमेकांशी लढले, म्हणून आता आम्ही थट्टेचे नातलग. चिंबुया म्हणतात त्याला. त्याने मला उंदीरखाऊ म्हणायचं, मी त्याला माकडखाऊ. राग धरायचा नाही. मयताला तर पहिल्यांदा चिंबुयाच धावतो, प्रेतापुढे आडवा पडून वाट्टेल ते बोलतो, तेव्हा कुठे घरच्यांना हसू फुटतं. ज्याला शिव्या घालायला कोणी आलं नाही, त्याचं मरण फुकट.

माझा राब्सन एन्डोला शहरात एका बँडमध्ये गायचा. त्याची पहिली तबकडी निघाली, रविवारी वाजली. मी बाशी कुंडाच्या तोंडाकडे बघत होते. गाणं संपलं तरी त्याचा उजवा कान तिथेच.

"बाना राब्सन," तो म्हणाला, "तुझ्या पोराला असा धुतो की तुमचे पूर्वज उठून बसतील."

मला काय आनंद झाला सांगू! पत्र त्याने मला वाचून दाखवलं. वर लिहिलं होतं, 'मी एक बेंबा माकडखाऊ, माझ्या न्गोनी चिंबुयाला लिहितो.' मध्ये, 'हे गाणं आहे का कढईत पडलेला उंदीर? याच्या हाती गिटार देणाऱ्याला आधी चोपा.' आणि खाली, 'पोरगं सोनं आहे. मी दोन तबकड्या घेतल्या, तुम्हीही घ्या.' हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिकीट मी चिकटवलं. टपालात मीच टाकलं.

पुढच्या रविवारी त्या मेल्या निवेदकाने मधलंच वाचलं. फक्त मधलं. वरचं गेलं, खालचं गेलं. वाचून फिदीफिदी हसला.

अंगणात कोणी शेंग सोलेना. बाशी कुंडा म्हणाला, "एवढंच? बाकीचं कुठंय?" जसा काही रेडिओ उत्तर देणार होता!

त्याच्या पुढच्या रविवारी सात पत्रं. कोण कुठले, आम्हाला न ओळखणारे, सगळे राब्सनच्या गाण्यावर थुंकायला पुढे. एकाने म्हटलं, गाढव बरं गातं. दुसरी म्हणाली, ऐकून पोर तापाने फणफणलं. दुसऱ्याने शेण उचललं की यांचे हात शिवशिवतात! तबकडी वाजायची बंद झाली. बँडने राब्सनला काढला. बाशी कुंडाने खुलाशाची पंधरा पत्रं लिहिली, एक वाचलं असेल तर शपथ. खुलाशाला हसणार कोण?

मी एन्डोलाला गेले, राब्सनला सगळं सांगितलं.

"आई, तू पूर्ण ऐकलंस. देशाने मधलंच ऐकलं."

"अरे, पण चिंबुया आहे तो तुझा!"

"होता," तो म्हणाला, आणि ट्रकवर माल चढवायला निघून गेला.

त्यानंतर बाशी कुंडाने पत्र लिहिलं नाही. रेडिओ खिडकीतून आत गेला. धुळीने छाती भरलेलीच होती, दोन वर्षांत अंथरूण धरलं. मी पेज घेऊन गेले की एकच विचारायचा, "राब्सन येईल ना गं? शिव्या घालायला?"

"येईल तर! तुला खड्ड्यातसुद्धा झोपू देणार नाही तो," मी म्हणायचे. एन्डोलाला तीन निरोप धाडले.

राब्सन आला. कोट घालून, बूट चकाकवून, बरोबर बाशी कुंडाच्या मातीच्या वेळेला. सगळे बाजूला सरले, त्याला वाट करून दिली. बाना कुंडाने अंगावरचं कापड सावरलं, आता हा आडवा पडणार म्हणून. राब्सनने टोपी काढली, मान खाली घातली.

"फार सज्जन माणूस होता. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

परक्याच्या मयताला बोलतात तसं! बाना कुंडाच्या तोंडून असा आवाज निघाला की मी कान झाकले. पोटच्या पोराची मला किळस आली, खोटं कशाला बोलू. मी चपला फेकल्या आणि त्या शवपेटीवर आडवी पडले.

"ऊठ रे माकडखाऊ! बहिऱ्या! पत्रं लिहून लिहून हात झिजले, तरी माकडाचं शेपूट सुटलं नाही तुझं! खाली गिटार घरघरेल तेव्हा कुणाला सांगशील?"

बाना कुंडाला हसू फुटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. रडता रडता ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारायला लागली, "पुरे गं उंदीरखाऊ, जाऊ दे माझ्या माणसाला."

राब्सन टोपी हातात धरून तसाच उभा होता, नीट, सभ्य, कोरडा. पेटी खाली गेली. राब्सनच्या वाटची शिवी मीच घातली, पण बाशी कुंडा वाट ज्याची बघत होता तो तर तोंड मिटून उभा. परत येताना बाना कुंडाने राब्सनच्या हातात त्याच्याच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवल्या. एक वाजवून वाजवून पांढरी पडली होती.