चंद्राच्या कमरेचा दोरा

हां, तर पडद्यावरून पृथ्वी पुन्हा नाहीशी झाली आणि भिंगरी पुन्हा खुर्चीवरून उठली, इथवर आलं होतं. भिंगरी म्हणजे घरातली धाकटी सून. नाव सासूनं ठेवलेलं. नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात घरातली कपाटं दोनदा हलवली म्हणून. नोकरी तारांगणात. तिथं इतकी वर्षं मुलांना दाखवत ते ग्रह चित्रातले, आखलेल्या गोलावर घाण्याच्या बैलासारखे मुकाट फिरणारे. हिनं साहेबांकडे हट्ट धरला, की सूर्य, पृथ्वी, चंद्र एकमेकांना हिशेबानं ओढतील आणि आपली वाट आपण काढतील, असा देखावा मी संगणकावर करते. साहेब म्हणाले, कर. पण सोमवारी शाळेची मुलं येईपर्यंत चालला नाही, तर जुनीच फिल्म लागेल आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आणि आज रविवार.

हिशेब तसा सरळ. दोघांची वस्तुमानं गुणायची, मधल्या अंतराच्या वर्गानं भागायचं, एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, की निघाली ओढ. पण बटण दाबलं की तिन्ही गोळे गडप. भिंगरी खिडकीशी जाई, परत येई, पाणी प्यायला म्हणून उठे आणि न पिताच परते. सासू म्हणाली, घरात वारा शिरल्यासारखं झालंय, एका जागी बसून शोध की. बसून सापडलं असतं तर काय हवं होतं!

शेवटी तिनं घरालाच कामाला जुंपलं. सासरे सूर्य, ते आरामखुर्चीत होतेच. सासू पृथ्वी, नवरा चंद्र. त्याच्या हाती लोकरीचा गुंडा दिला आणि संगणकाला सांगितलं होतं तेच त्यालाही सांगितलं: प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत दोरा बांधायचा. सासू कुरकुरली, की लोकर माझ्या स्वेटरची आहे, गाठी जपून मारा.

नवरा मुलखाचा थट्टेखोर. सूर्य, पृथ्वी, चंद्र एकमेकांना बांधून झाले, तसा तो उरलेला दोरा स्वतःच्याच कमरेला गुंडाळू लागला.

"अरे गाढवा, स्वतःला कुठं बांधतोस?" सासू म्हणाली.

"हिनंच सांगितलं ना, प्रत्येकाला. मग मी त्यात नाही होय?"

भिंगरी जागच्या जागी थांबली. लग्नानंतर ती अशी थांबलेली तेव्हाच पाहिली, असं सासरे पुढे येईल त्याला सांगत. संगणकही असाच आज्ञाधारक निघाला होता. तो पृथ्वीची पृथ्वीशीच ओढ काढत बसला होता. स्वतःपासून स्वतःचं अंतर शून्य, आणि शून्यानं भागायला गेल्यावर हिशेबाचे बारा वाजणार नाहीत तर काय!

तिनं धावत जाऊन एक ओळ वाढवली, की ज्यानं त्यानं स्वतःला वगळावं. बटण दाबलं. पृथ्वी निघाली, सूर्याकडे कलत कलत वळली, आणि चंद्र तिच्या कडेकडेनं. सगळं घर लोकरीत गुरफटलेलं तसंच पडद्यापुढे येऊन उभं राहिलं. साहेबांना फोन गेला. ते म्हणाले, उद्या हाच लावू.

"जिंकलीस बाई," नवरा दोरा सोडवत म्हणाला. "आता तरी घटकाभर बस."

ती खुर्चीच्या कडेला टेकली, पण नजर पडद्यावरच.

"बसते की. पण आई, तुम्ही खरं सांगा, चंद्र मघापेक्षा जरा लांब गेल्यासारखा नाही वाटत?"