बिनजमिनीचा पाटकरी

आमच्या गावात पाटाचं पाणी वाटायला पाटकरी नेमायची अट एकच होती: त्या पाटाखाली त्याचं वीतभरही रान नसावं. स्वतःचा ऊस वाळत असताना दुसऱ्याच्या उसाला पाणी सोडणारा माणूस कुणी पाहिलाय? चांदसाहेबाला जमीन नव्हतीच, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं. पाळी शेवटच्या रानापासून सुरू व्हायची, आणि ती तो कुणाच्या बापासाठी मोडत नसे.

सेहेचाळीस साली लढाईवरून परतलेल्या जोतीरामनं त्याला इंग्रजी शिकवलं. "चाचा, तुमी सुपरवाइज करता. म्हंजे दुसरा काम करतोय, त्येच्यावर वरनं नजर ठेवायची."

"वरनं काय दिसतंय रं?" चांदसाहेब म्हणाला. "पाटाच्या शेपटाला पाणी पोचलं का न्हाई, ते तितं जाऊनच बघाय लागतंय."

तेव्हापासून मला तो साहेबी शब्द अर्धवटच वाटतो.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं. पाटाच्या वरच्या अंगाला नानासोंचा ऊस, अगदी शेवटी विधवा मनुबाईचा. नानासोंना पहिलं पाणी हवं होतं. पण माणूस बेरकी, धमकी कसला देतोय! चांदसाहेबाच्या दारात येऊन, आपल्या उसालगतचं अर्धा एकर रान त्याच्या नावावर करून देतो म्हणाले. रान घेतलं की पाटकऱ्याचं काम सुटणार, आणि नवा पाटकरी नानासोंच्या मर्जीतला येणार.

चांदसाहेबाची बायको रशीदा आतून ऐकत होती. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवलेली बाई.

"जमीन नको व्हय तुला?" नानासोंनी विचारलं.

"लय पायजे. सपनात बी दिसती. पर माजं रान झालं की माजी नजर तितंच ऱ्हाणार. मनुबाईच्या उसाकडं मग कोन बघंल?"

नानासो तणतणत गेले. रशीदा दिवसभर भांडी आपटत राहिली, आणि तिचा राग रास्तच होता.

सकाळी चांदसाहेब खोरं घेऊन निघाला, तेव्हा तीही पदर खोचून निघाली. "नानासोची मानसं वरच्यावर पानी वळवतील. तुमी शेपटाला जावा. वर मी बसते."

नानासोंच्या रानात पाणी शिरतं त्या तोंडाशी, तिच्या हातून गेलेल्या त्या अर्ध्या एकराच्या बांधावर, ती मांडी ठोकून बसली. मनुबाईच्या उसाला पाणी लागेपर्यंत रडत होती, पण उठली नाही.