खोट दिसली की लूम बंद

आमचे हे नारपोलीत लूम चालवायचे. त्यांच्या हातच्या कापडाला मालकाने कधी नाव ठेवलं नाही, कारण जरा खोट दिसली की ते आधी लूम बंद करायचे. बाकीचे कारागीर म्हणायचे, "चलने दे ना यार, कौन देखता है." पण हे ऐकतील तर शपथ! "चालू ठेवला तर खोट पुढंपुढं विणत जाते, अख्खा ताका वाया," म्हणायचे. त्या सवयीचा त्यांना भारी तोरा होता.

टीबी निघाला तेव्हा मी वज्रेश्वरीला नवस बोलले. गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस हळूहळू उभा राहिला. खोकला कमी झाला, गाल भरले, बोंबलाचं कालवण मागून खाऊ लागले. मी म्हटलं, "आता पुन्हा लग्नाला उभे राहा." तर म्हणे, "तूच बघ पोरगी. फक्त तुझ्यासारखी कजाग नको."

आणि मग एकाएकी सगळं उलटलं. पुन्हा ताप, मानेला गाठ, दम लागायला लागला. छातीचा नवा फोटो पहिल्यापेक्षा वाईट आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. त्यांनी थुंकी तपासून घेतली होती. म्हणाल्या, "जंतू मरतायत. शरीरात जोर आलाय, ते आता मेलेल्या जंतूंशीही भांडतंय, म्हणून ही सूज. काही जणांना होतं असं. पण गोळी एक दिवसही चुकवू नका." यांनी शहाण्यासारखी मान हलवली.

बाहेर आल्यावर मला विचारतात, "औषध लागू पडतंय, तर फोटो बिघडला कसा?"

मी काय सांगणार, डोंबल? मी म्हटलं, "बाईंना कळतं ना. तुम्ही गिळा."

"खोट दिसली का आधी बंद करायचं. मंग बघायचं काय ते."

"तुम्ही काय कापड हाय का?"

ते हसले. मला वाटलं, विषय संपला.

रोज सकाळी मी गोळ्या हातावर ठेवायचे, ते तोंडात टाकायचे आणि चूळ भरायला बाहेर मोरीवर जायचे. पुढे ताप उतरला, गाठही बसली. मी वज्रेश्वरीला जाऊन ओटी भरून आले. त्या दिवशी प्रसाद खाता खाता हे फुशारकीने म्हणाले, "बघ, मी बंद केल्या नि बरा झालो. रोज मोरीत थुंकत होतो. तुला पत्ता न्हाय!"

मी हातातला डबा त्यांच्या अंगावर फेकला. रडले, नाही नाही ते बोलले. एवढे हुशार, आणि सूज आपली आपण बसली, रोग आत तसाच राहिला, हे कळेना! त्यांना मात्र माझा राग खरंच समजला नाही. बरं वाटतंय तर ही बाई रडते का, असं बघत राहिले.

दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी खूप धडपड केली, पण रोग परत आला तो जुन्या गोळ्यांना दाद देईना. नव्या, जड गोळ्या सुरू झाल्या. त्यातली मात्र त्यांनी एकही चुकवली नाही. मला तोंड उघडून दाखवायचे, लहान मुलासारखी जीभ वर करून. माझा जीव तुटायचा. पण शरीरात काही उरलंच नव्हतं.

ते गेले त्या सकाळी कारखान्यातले सगळे दारात जमले. मालकाने मान म्हणून लूम थांबवले. आमच्या गल्लीत ती खटखट लाइट गेल्याशिवाय कधी थांबत नाही. मी त्यांच्या उशाशी बसले होते. एकदम सामसूम झाली, आणि मला काय झालं कोण जाणे, मी तशीच उठून रस्त्यावर धावले.

"कुणी बंद करायला सांगितलं रे? चालू करा! चालू ठेवा!"

शेजारच्या बायांनी मला धरून आत आणलं. त्यांना वाटलं, मी भ्रमात बोलतेय. लूम काही कुणी चालू केले नाहीत.