मडक्याला लावलेला चुना

माझं लग्न ठरलं तेव्हा दारव्ह्याकडच्या आमच्या वस्तीत एकच बातमी फिरली, पोरगी शिंदीवाल्याच्या घरी दिली. आईला घास गोड लागेना. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली होती, दारूला शिवणार नाही असं भर सभेत हात जोडून म्हटलं होतं, आणि दोन-तीन वर्षांत पोरीला मिळालेलं घर हे असं. वडील तिला समजावत होते, "अवं, त्याईनंबी दीक्षा घेतली हाय. आता शिंदी नाही काढत, शिंदीचा गूळ करतात." आई म्हणाली, "शिंदी ते शिंदीच."

सगळा घोळ त्या शब्दाचा. आमच्याकडे झाडाचं नाव शिंदी आणि त्याच्यापासून होणाऱ्या दारूचं नावही शिंदीच. आंब्याच्या रसाला रस म्हणतात, उसाच्या रसाला रस म्हणतात, या झाडाच्या नशिबी मात्र तेवढंही नाही. ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार. मी तोंडाची फटकळ. पाठवणीच्या वेळी बाया रडत होत्या तेव्हा मी म्हटलं, "रडता कायले? झिंगत आली माघारी तर रडा."

सासर घाटंजीच्या अलीकडे, नाल्याकाठी. नाल्याच्या वळणावर सासऱ्यांची शिंदीची झाडं होती, वाकडीतिकडी, अंगावर जुन्या खाचा मिरवणारी. रस काढायला एका वर्षी झाडाच्या एका अंगाला छाटायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्या अंगाला, म्हणजे झाडाला सोसतं. त्यामुळे खोड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं नागमोडी वर गेलेलं. दिवाळीनंतर थंडी पडली की काम सुरू व्हायचं आणि होळीच्या सुमारास थांबायचं. थंडी जितकी कडक तितका रस गोड.

पहिल्या सकाळी मी उठले तेव्हा उजाडायचं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, झाडावर होते. कमरेला आणि खोडाला मिळून एक दोर, त्याच्यावर रेलून कुणी ओट्यावर उभं राहावं तसे ते निवांत उभे होते. मला आपली खाली उभ्याउभ्याच भोवळ आली. वरून दोराला बांधलेलं मडकं हळूहळू खाली आलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते हातात घेतलं, तोंडाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. मग माझ्याकडे दिलं. दुसरं मडकं आलं, पुन्हा वास. मग मामाजी उतरले. आत्याबाई त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्या खांद्यावरचा दोर काढून घेतला, आणि तेवढ्यात त्यांच्या तोंडाशीही एक श्वास घेतला. मामाजी मान खाली घालून उभे राहिले. हे रोजचं आहे, हे दोघांच्याही उभं राहण्यावरून कळत होतं.

मडक्याचा वास हे निमित्त होतं. मला कळायला फार दिवस लागले नाहीत.

पूर्वी मामाजी शिंदीच्या ठेकेदारासाठी झाडं छाटायचे. काढायचे आणि प्यायचेही. आत्याबाईंच्या कपाळावर केसांत दडलेला एक वण होता, तो कशाचा हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी मामाजींनी घरातली सगळी जुनी मडकी फोडली आणि झाडं तोडायला कुऱ्हाड काढली. ती कुऱ्हाड अडवली कुणी? याच बाईनं. झाडांवर सगळ्यात जास्त राग जिचा असायला हवा तिनं.

मी एकदा विचारलंच. "आत्याबाई, तोडू द्यायची होती ना झाडं. पीडा गेली असती."

"झाडानं काय केलं वं?" त्या म्हणाल्या. "झाड त गोडच देते. आंबट आपण करतो."

त्यांचं माहेर वर्ध्याकडचं. तिकडे या रसाचा गूळ करायचे, ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. त्यांनी नवी मडकी आणली आणि मामाजींना सांगितलं, झाडावर तुम्ही चढा, मडकं माझ्या हातचं. रोज दुपारी त्या मडकी धुवायच्या, धुरावर उलटी धरून शेकायच्या आणि आतून चुना फिरवायच्या. चुना लावला की रस रात्रभर आंबत नाही. बिनचुन्याच्या मडक्यात तोच रस सूर्य वर येईपर्यंत फेसाळतो आणि दुपारी त्याची दारू होते. म्हणजे गूळ आणि दारू यांच्यामध्ये काय होतं, तर एवढासा चुना आणि या बाईचं बोट. चुन्याची वाटी त्या कुणाच्या हातात देत नसत, माझ्याही नाही.

घरात 'शिंदी' हा शब्द बंद होता. झाडाला झाड म्हणायचं, रसाला रस. मी मुद्दाम कधी तो शब्द काढला की त्या उलथणं उगारायच्या, आणि मग पदरात तोंड घालून हसायच्या.

गूळ करताना त्यांना पाहावं. अंगणातल्या मोठ्या चुलीवर कढई, खाली पराटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ. रस आधी ताकासारखा गढूळ दिसतो, मग त्यावर मळकट फेस येतो, तो काढत राहायचं. तास दोन तास नुसती वाफ. मग रंग बदलायला लागतो, बुडबुडे जाड होतात, आणि अंगणात असा वास सुटतो की रस्त्यानं जाणारा माणूस उगाच बैलाची वेसण नीट करायला थांबतो. आत्याबाई जाळ पुढे करायच्या, मागे ओढायच्या, कढईवरून नजर हलवायच्या नाहीत. थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायच्या आणि एका क्षणी म्हणायच्या, "उतरव." तो क्षण मला कधीच त्यांच्या आधी दिसला नाही. मग पळसाच्या द्रोणांत ओतायचं. गार झाला की पानाच्या शिरा उमटलेला तांबूस गूळ. भाकरीबरोबर तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी आईला निरोप पाठवला, झिंग चढली बाई, पण गुळाची. मला या बाईचा फार अभिमान वाटायचा. नवऱ्यापेक्षा सासू जास्त आवडली असं म्हटलं तर आमच्याकडे लोक हसतात, पण खरं ते खरं.

पण गावाचं समाधान होत नव्हतं. वस्तीतल्या पंचांमध्ये एक थोरले होते. त्यांचा धाकटा भाऊ शिंदी पिऊन पिऊन गेलेला, त्याच नाल्याकाठच्या झाडांची शिंदी. त्या माणसाला ते झाड दिसलं की भाऊ दिसायचा, यात त्याचं काय चुकलं? ते बैठकीत म्हणाले, "पंचशील घेतलेला माणूस रोज शिंदीच्या झाडावर चढून राह्यला. लोकाईनं काय समजावं? झाडं तोडा, नाही त वस्तीत बसू उठू नका." मामाजी उठले. घरी येऊन कोपऱ्यातली कुऱ्हाड पाहत बसले. झाडं गेली असती तर पोटाचं काहीतरी झालं असतं, कापूस वेचायला सगळेच जात होतो. पण या माणसावर विश्वास नाही असा शिक्का बसला असता, आणि तो कुठल्या पाण्यानं धुतला असता?

आत्याबाई उठल्या आणि त्या थोरल्या पंचांच्या घरी गेल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी पहाटे या. मडकं उतरताना पाहा, गूळ होताना पाहा, खाऊन पाहा. गोड लागला त पौर्णिमेची विहारातली खीर याच गुळाची होईन. नाही लागला त कुऱ्हाड म्या सोता आणून देतो." पंच तयार झाले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येतो म्हणाले.

आणि नेमका त्याच्या आदल्या दिवशी, सकाळचा गूळ झाल्यावर, आत्याबाईंना हिवताप भरला. दोन गोधड्यांखाली दात वाजत होते. मी आणि माझे मालक शेतात वेचणीला गेलेलो. दिवस मावळता परत आलो तर मडकी झाडाला लागून गेलेली.

"चुना कोनं लावला?" गोधडीतून आवाज आला.

"मामाजींनी," मी म्हटलं.

आत्याबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "कोनं लावला?" तापात माणूस तेच तेच विचारतो असं मला वाटलं. पण तो ताप नव्हता. दीक्षेनंतर पहिल्यांदा मडकं त्यांच्या हाताबाहेर गेलं होतं.

पहाटे पंच आले. अंगावर घोंगडी, चेहरा घट्ट. मामाजी वर चढले. आत्याबाई माझा हात धरून, गोधडी ओढत झाडाखाली आल्याच. पहिलं मडकं उतरलं. त्यांनी वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी मडकं जवळ ओढलं. आंबट वास नव्हता. कसलाच गोड वासही नव्हता. नव्यानं पोतारलेल्या भिंतीसारखा वास येत होता.

त्या दिवशी कढईपाशी मी होते आणि आत्याबाई बाजेवरून सांगत होत्या. पंच समोर पाटावर बसलेले, हलायला तयार नाहीत. फेस आला तो भलताच. रंग तांबूस व्हायच्या ऐवजी काळपट होत गेला. गोळी काही केल्या बसेना. कालच्या गुळाचे द्रोण घरात शिंक्यावर होते, त्यातला एक गुपचूप पुढे करावा असं माझ्या मनात आलं, पण पंचांची नजर कढईवरून हटेल तर ना. शेवटी आत्याबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "उतरव." द्रोणात ओतलं ते डांबरासारखं पसरलं.

मामाजी भिंतीशी उभे होते.

पंचांनी बोटभर उचलून तोंडात घातलं. त्यांचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. जीभ बाहेर आली. "अबे, हे काय होय? तोंड सोलून निघालं!"

मी चाखलं. कडू, तुरट, जीभ भाजणारं. गुळाच्या नावानं चुना.

"चुना लय झाला," मामाजी म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. "दर रोज ही लावते. काल म्याच लावला. एक डाव लावला, मंग वाटलं कमी पडला असन. कमी पडला त रस आंबते. आंबला त वास सुटते. आन वास सुटला त..." ते थांबले. "मले माह्याच भेव वाटलं, दादा. म्हणून पुन्हा लावला. मंग रातच्याला झाडाजवळ जाऊन उभा राह्यलो, वाटलं अजून लावाव. पण मडके वर होते."

चुलीत पराटी तडतडत होती. पंच त्या काळ्या द्रोणाकडे बघत होते. मग त्यांनी आणखी एक बोट भरून उचललं, तोंडात घातलं, आणि तोंड वेडंवाकडं करत गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. ते चुन्याचं की भावाचं, मी विचारलं नाही. मी फटकळ आहे, निर्दय नाही.

"ठेकेदारानं जिंदगीभर आमाले चुना लावला," ते शेवटी म्हणाले. "तुवा मडक्याले लावला. बरं केलं." आणि ते हसले. आधी बारीक, मग गडगडून. मी हसले, माझे मालक हसले, बाजेवर आत्याबाई गोधडीत तोंड खुपसून हसल्या. मामाजी मात्र भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि उपरण्यानं तोंड झाकलं.

जाताना पंच दारात वळले. "कुऱ्हाड राहू द्या. खिरीले गूळ कालचा आना, हा नोका आनू, नाही त पोरं विहारात यायचे बंद होतीन. आन चुना वहिनीनंच लावावा." माझ्याकडे बघून म्हणाले, "सुनबाई, पानी दे." तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

दुपारून आत्याबाईंचा ताप उतरला. मडकी धुतलेली, शेकलेली समोर होती. त्यांनी चुन्याची वाटी घेतली, जराशी हातात धरून ठेवली आणि मामाजींच्या पुढे सरकवली. "लावा. पण हात आवरून."

मामाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "पंच म्हनले..."

"पंचाईले झाडावर चढाचं नाही हाय."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पहाटे धुकं नाल्यावर बसलेलं. वरून मडकं खाली आलं. आत्याबाईंनी ते दोन्ही हातांनी झेललं आणि सरळ माझ्याकडे दिलं. दुसरं आलं, तेही दिलं. मामाजी उतरले, सवयीनं मान खाली घालून उभे राहिले. आत्याबाईंनी खांद्यावरचा दोर काढला, गुंडाळला आणि वळल्या.

मी दोन मडकी सांभाळत मागोमाग धावले. "आत्याबाई, वास घ्यायचा राहिला."

"कायले?" त्या म्हणाल्या, आणि चूल पेटवायला पुढे गेल्या. मामाजी अजून झाडाखालीच उभे होते.