बुलबुलाच्या घरट्यापुढची फांदी

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

सकाळी भर पावसात आपला ग्रुप मेहरूण तलावाकडे पक्षी बघायला गेला होता. बोरीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं दिसलं. फोटोत पानं आड येतात म्हणून आपल्यातल्याच एका भाऊंनी पुढची फांदी तोडली. पिल्लं उघड्यावर भिजायला लागली.

“भाऊ, हे काय केलंत?” मी ओरडले.

“एक फांदी तर होती! फुटेल परत.”

सोबतच्या अक्कांनी तीच फांदी ओढणीने जागेवर बांधली. आम्ही लांब जाऊन थांबलो. मादी आली, पण घरट्यात न शिरता जवळच्या विजेच्या तारेवर बसून ओरडत राहिली.

दुपारी तो फोटो ग्रुपवर आला. त्यावर तुमचे धडाधड लाईक!

मी भाऊंशी तिथंच भांडले. तुम्ही त्यांना काय म्हणणार आहात?