गाडीला आधी पाणी

आपल्या बाईकवाल्यांच्या ग्रुपवर जो तो विचारतोय, "नवी गाडी कशी आहे? रिव्ह्यू कधी टाकतोस?" घ्या, टाकतो. पण हा वाचून तुम्ही शोरूमला जाल की देवळात, ते मला सांगता येणार नाही.

कॅम्पवर भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की "चालू द्या तुमचं" म्हणून टेंटमध्ये जाऊन घोरणारा माणूस मी. सातारा एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. जे मोजता येत नाही ते आमच्याकडं रिजेक्ट होतं... आणि आता मीच हे असलं लिहायला बसलोय.

आधी गाडीचं सांगतो. लिक्विड-कूल्ड इंजिन म्हणजे काय सुख असतं ते पहिल्याच रविवारी पसरणी घाटात कळलं. जुनी एअर-कूल्ड गाडी पाचगणीच्या ट्रॅफिकमध्ये मांड्या भाजून काढायची. ही तशी नाही. टेंपरेचरची पट्टी निम्म्यावर जाते आणि तिथंच बसून राहते. फॅन लागला की उजव्या नडगीवर गरम वारा येतो, तेवढाच त्रास. सस्पेन्शन असं की खड्डा गेल्यावर कळतं की खड्डा होता. खोट एकच — सीट उंच आहे. माझ्यासारख्या बुटक्याला दोन्हीकडं नुसते चवडे टेकतात, आणि गाडीचं वजन म्हणाल तर म्हैस बरी. ही खोट लक्षात ठेवा.

गाडी घेतल्यावर गावी नेली. आमचं गाव औंधच्या जरा अलीकडं. आबा, म्हणजे माझे वडील, मिलिटरीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी राजस्थानच्या वाळूत ट्रक चालवण्यात गेली. तिथून पेन्शनीबरोबर एक नेमही घेऊन आले: गाडीला आधी पाणी, मग माणसाला. गावात त्यांनी जीप चालवली, मग ट्रॅक्टर चालवला. प्रत्येकाच्या रेडिएटरला आमच्या आडाचं पाणी घालायचं आणि त्याच तांब्यातलं उरलेलं आपण प्यायचं. आडाचं पाणी मचूळ. भांड्यांवर पांढरा क्षार धरतो, चहा फिका लागतो, पाहुणे पहिला घोट घेतात आणि आमच्या तोंडाकडं बघतात. त्या क्षारानं जीपचा रेडिएटर तुंबला होता, तरी आबांचा नेम सुटला नाही.

तर गाडी अंगणात लावली आणि आबा तांब्या भरून हजर.

"पाण्याची गाडी घेतलीस म्हनं! टोपण कुटं हाय रं हिचं?"

"आबा, हिच्यात पाणी नाही घालायचं. कूलंट असतं."

"म्हंजी काय?"

"हिरवं औषध असतं. चवीला गोड, पण पोटात गेलं तर विष. आणि आपलं पाणी घातलं की रेडिएटर गेलाच म्हणून समजा. वॉरंटी पण जाईल."

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. "इख पाजत्यात व्हय गाडीला," म्हणाले आणि अख्खा तांब्या पुढच्या चाकासमोर जमिनीवर ओतला. आई चुलीजवळून ओरडली, "आवं, चिखुल कशाला करताय दारात?" मी हसलो, तीही हसली. आबा तेवढे हसले नाहीत.

आता त्या दिवसाचं. उन्हाळा ऐन भरात होता. आपला अजित सांगलीहून विट्यावरून येणार, मी गावाहून मायणीमार्गे, आणि दोघांनी म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळापाशी भेटायचं असं ठरलं होतं. कुकुडवाड सोडलं आणि डावीकडं डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या. तुम्हाला माहीतच आहे, ऑफ-रोडला आपल्याकडं पवनचक्कीच्या कच्च्या रस्त्यासारखा रस्ता नाही. अजितला फोन न करता मी वळलो. आपल्यातल्या प्रत्येकानं हे केलंय — "जरा वर जाऊन एक फोटो घेऊ आणि येऊ."

वर गाडी झकास चढली. धार ओलांडून पलीकडच्या उतारावर फोटोसाठी थांबलो, हेल्मेट काढलं आणि डावा पाय खाली टाकला. पायाखाली जमीनच नव्हती. रस्त्याची कड ढासळलेली होती. गाडी माझ्यासकट खालच्या कोरड्या ओघळीत गेली.

शुद्ध गेली नाही, गेली असती तर बरं झालं असतं. डावा पाय मांडीपासून गाडीखाली, वरून बाजूच्या पेटीचा भार आणि खाली खडक. मोबाईल हँडलवर लावलेला, तो पार गाडीखाली चिरडला होता. पाण्याची पिशवी मागच्या बॅगेत होती. बॅग तुटून ओघळीत खाली गेली होती आणि एका बोराटीच्या झुडपाला अडकली होती. मला दिसत होती. नळीसुद्धा दिसत होती. हात लांब करून, अंग पिळून, बेल्ट काढून त्याचा आकडा फेकून बघितला. बेल्ट पोचला नाही, आणि शेवटी तोही हातातून निसटून गेला.

गाडी उचलायचा प्रयत्न केला. ओरडलो. वर पवनचक्कीची पाती सावकाश फिरत होती आणि तिच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना. रस्त्यावरून बघणाऱ्याला मी दिसणार नव्हतो, आणि मुळात त्या रस्त्याला येणार कोण? अजित म्हसवडला वाट बघत असेल. शोधायला निघालाच तर डांबरी रस्ता शोधेल. मी वर वळलोय हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मी रडलो. चांगला मोठ्यानं रडलो, लाज कुणाची बाळगायची तिथं?

माणचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना तहानेचं सांगायला नको. जीभ टाळूला चिकटली. थुंकी गिळावी तर तीही नव्हती. सावली अंगावरून सरकून गेली आणि डोकं भणभणायला लागलं. मधेच वाटायचं आपण घरीच आहोत, मग पायातून कळ आली की भानावर यायचो. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी तिची माफी मागायला लागलो. काय म्हणालो ते आठवत नाही. आपण आता इथंच मरणार, हे मला पटलेलं होतं.

आणि तेव्हा टप् टप् ऐकू आलं.

मान वळवली. पुढच्या चाकाच्या मागं, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब पडत होते. हात पोचेल इतक्या जवळ.

रेडिएटर फुटला, कूलंट गळतंय, हे मला त्या अवस्थेतही कळलं. आणि कूलंट म्हणजे काय, हे आपल्या ग्रुपवर मीच लिहिलं होतं: सर्व्हिसिंग घरी केलीत तर सांडलेलं लगेच पुसा, गोड असतं म्हणून कुत्री चाटतात आणि किडन्या जाऊन तडफडून मरतात. मी डोळे मिटून घेतले. कान मात्र मिटता येत नाहीत. टप्... टप्... किती वेळ मी तग धरला माहीत नाही. शेवटी मनात हिशोब झाला, आणि तो हिशोब करणारा माणूस मीच होतो हे आजही खरं वाटत नाही — तहानेनं आज मरायचं की किडनीनं परवा? परवापर्यंत निदान कुणाला तरी सापडेन. आईला अंग तरी मिळेल.

गळ्यातला बफ, तो कापडी पट्टा, काढला. थेंबांखाली धरला. भिजला तसा तोंडात पिळला.

गोड नव्हतं.

मचूळ होतं. आमच्या आडाचं होतं. लहानपणापासून जे पाणी प्यायलोय ते अंधारात चार भांड्यांतून दिलं तरी ओळखीन मी. वर आश्चर्य म्हणजे गार होतं. इंजिन उन्हानं अजून चटका देत होतं आणि त्याच्या रेडिएटरमधून गार पाणी! मी विचार केला नाही. पीत राहिलो, बफ भिजवत राहिलो, डोक्यावर ठेवत राहिलो. पोटभर प्यायलो. मग ते थेंब थांबले.

ऊन उतरताना मेंढरांच्या घंटा वाजल्या. वरून एका बाईचा आवाज आला, "आवं, कोन हाय तितं? जित्तं हाय का माणूस?" मी हात वर केला. त्या मेंढपाळ मावशींनी कुकारे घालून आपल्या माणसांना बोलावलं. त्यांनी गाडी उचलली आणि मला वर काढलं. त्या मला पाणी पाजायला लागल्या तर मी म्हणालो, "तहान नाही." मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या.

म्हसवडच्या दवाखान्यात मी डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगितलं, "मी कूलंट प्यायलोय." त्यांची धावपळ उडाली. तिथून साताऱ्याला मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. सलाईन, रक्ताच्या तपासण्या, डायलिसिसची तयारी. पाय मोडला होता, पण त्याच्याकडं कुणी बघेना. रिपोर्ट येत राहिले. रक्तात काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "नक्की काय प्यायलात?" मी म्हणालो, "रेडिएटरमधलं." ते म्हणाले, "मग रेडिएटरमध्ये पाणी असेल." मलाही वाटलं, शोरूमवाल्यांनी नुसतं पाणी भरलं असेल. चला, सुटलो.

निरोप मिळताच अजितनं गाडी पिकअपमधून वर्कशॉपला नेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हॉस्पिटलमध्ये आला आणि खुर्ची ओढून बसला.

"मर्दा, रेडिएटर कुटं फुटलाय म्हनलास?"

"खालचा कोपरा."

"न्हाई फुटलेला. प्रेशर लावून बघितला मेकॅनिकनं माझ्यासमोर. जाळी चेपलीया नुसती. आन् कूलंट पार वरच्या खुणंपर्यंत हाय. हिरवंगार. एक थेंब कमी न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काय प्यालास रं तू?"

उशाखाली तो बफ होता. काळ्या रंगाचा. वाळून कडक झाला होता, आणि त्याच्यावर पांढऱ्या क्षाराच्या रेघा उठल्या होत्या. आमच्या तांब्यावर उठतात तशा.

घामाच्या असतील. हो, घामाच्याही असू शकतात. आमच्या कंपनीत लॅब आहे, बफ नेऊन दिला तर दुपारपर्यंत उत्तर मिळेल. मी अजून नेलेला नाही.

आई डबा घेऊन आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "तुज्या बापाचं काय खरं न्हाई बग. त्या दिवशी भर दुपारी जेवायला बसलं, पयला घास घेतला आन् ताटावरनं उठलं. आडावर गेलं, तांब्या भरला आन् अंगणात तुजी गाडी हुती न्हवं, तितं वतला. मग आनिक एक. मग आनिक एक. मी म्हनलं, येड लागलं का तुमास्नी? तर म्हनत्यात, गाडी तापली आसंल."

मला हुंदका आवरला नाही. आईला वाटलं पाय दुखतोय.

घरी आल्यावर मी आबांना विचारलं. थेट विचारलं, की तुम्हाला कसं कळलं, काय दिसलं, काय वाटलं? ते अंगणात बाजेवर बसले होते. शेजारचा तांब्या त्यांनी माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "तुला प्यायला मिळालं न्हवं? मंग झालं की."

या उत्तरापलीकडं माझ्याकडं काहीही नाही. लॉजिक लावून बघा, इंजिनियर आहात सगळे. मला भास झाला म्हणाल, तर उन्हात तेवढा वेळ मी जगलो कसा ते सांगा. जमलं तर खाली कॉमेंटमध्ये लिहा, मी मनापासून वाचेन.

आणि गाडी? गाडी उत्तम आहे, घ्या. मीही विकलेली नाही. पाय बरा झाल्यावर परत चालवायला लागलोय. फक्त निघताना गावाकडून निघतो. आबा तांब्या घेऊन येतात, पुढच्या चाकासमोर पाणी ओततात आणि तळाशी राहिलेलं माझ्या हातात देतात. कितीही तहान लागली असली तरी तोवर मी थांबतो.